पाचव्या शब्दातला श्वास

या वर्षीही मी कूलरच्या ताट्या हुंगूनच आत घेतल्या. त्या बसवायला येणारा मिस्त्री दरवर्षी तोंड फिरवून हसतो, यंदा उघडच हसला. "काकू, नवं गवत आहे. हुंगून का पाहता, मेथी आहे का?" मी म्हटलं, मेथी असती तर न हुंगता घेतली असती. तिन्ही ताट्या मी नाकाजवळ धरल्या, गवत बोटांनी विस्कटून आतपर्यंत कोरडं आहे का ते पाहिलं, टाकी माझ्यासमोर घासून घेतली आणि मगच पाणी भरू दिलं. निर्मला आमच्याकडे बावीस वर्षं काम करते, तिला माझ्याबद्दल बहुतेक सगळं ठाऊक आहे. ती त्याला म्हणाली, "बोलू नको गा. काकूले कूलरचा भरोसा नाही."

नागपुरात उन्हाळा पंचांगावरून लागत नाही, कूलरवरून लागतो. ज्या दिवशी पहिल्यांदा पाणी ताट्यांवरून झिरपतं आणि ओल्या गवताचा वास खोलीत शिरतो, त्या दिवसापासून जूनपर्यंत घरातले आवाज बदलतात. माणसं एकमेकांशी मोठ्याने बोलू लागतात. दारावरची घंटा ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजताना चूक होते. त्या घरघरीत बसून बसून काही वेळाने सूर सापडायला लागतो. आमचा जुना लोखंडी कूलर पेटीच्या काळी दोनच्या जरासा खाली घुमायचा. लोकांना या वासाने सुट्ट्या आठवतात, आमरस आठवतो. मला एक उन्हाळा आठवतो, ज्यात मी तुमच्या आजोबांवर दोन महिने पाळत ठेवली होती.

इरा, हे तुझ्यामुळे लिहिते आहे. गेल्या महिन्यात तू तिकडून सांगत सांगत माझ्या फोनमध्ये ते श्वासाचं ॲप टाकून घेतलंस. आधी एक घंटा वाजते, मग एक बाई इंग्रजीत इतक्या हळू आवाजात बोलते की आपण आजारी आहोत की काय असं वाटावं. श्वासाकडे लक्ष द्या, तो जसा आहे तसा असू द्या, निवाडा करू नका. इथवर ठीक होतं. मग फोनने विचारलं की माइक वापरू का, म्हणजे तुमचा श्वास ऐकून आम्ही त्याची रोजची नोंद ठेवू. मी तिथल्या तिथे ते ॲप काढून टाकलं. तू विचारलंस, "आजी, काय झालं? नुसता श्वास तर आहे." निहार मागून ओरडला की आजीला वाटतं फोन हेरगिरी करतो. तेही वाटतं. पण कारण ते नाही. कारण लांबलचक आहे, आणि तुमच्या बाबालाही ते पूर्ण माहीत नाही. त्याला हे तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. त्याचं मराठी वाचन अजून शाबूत आहे का, तेही मला कळेल.

श्वासाकडे बघणं मला परकं नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात रविवारी सकाळी भंतेजी आम्हा मुलांना आनापान शिकवायचे. सतरंजीवर पाठ ताठ करून बसायचं आणि नाकाच्या टोकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. ते सांगायचे, श्वास लांब असला तर लांब आहे एवढंच जाणा, आखूड असला तर आखूड आहे एवढंच. त्याच्यावर आपली गोष्ट रचू नका. मी सात-आठ वर्षांची असेन. मला वाटायचं, यात शिकवण्यासारखं काय आहे. मी इंग्रजी शाळेत जायचे, तिथे तर याहून कठीण गोष्टी शिकवत.

श्वासाबद्दल दुसरं शिक्षण मला गाण्यात मिळालं. माझ्या वडिलांची नोकरी सदर भागात होती आणि तिथेच मागच्या गल्लीत एक म्हातारे मास्तर पेटी शिकवायचे, गाणंही शिकवायचे. त्यांची पद्धत अशी की गाण्याची ओळ वहीत लिहून द्यायचे आणि जिथे श्वास घ्यायला परवानगी आहे तिथे शब्दांच्या मध्ये पेन्सिलीने बारीकशी उभी रेघ मारायचे. बाकी ठिकाणी श्वास घेतलेला त्यांना ऐकू आला की पेन्सिल पेटीच्या फळीवर आपटायचे. "श्वास घे, पण समोरच्याला कळू देऊ नको," म्हणायचे. चार वर्षांत मला गाणं बेताचंच आलं, पण दुसऱ्याचा श्वास ऐकण्याची खोड कायमची लागली. अजूनही कुणी भाषण करायला उभं राहिलं की तो काय बोलतो याआधी तो कुठे श्वास घेतो ते मला ऐकू येतं. हे वरदान आहे असं मी पुष्कळ दिवस समजत होते.

तुमच्या आजोबांना गाणं कुणी शिकवलं नव्हतं. ते कुहीजवळच्या खेड्यातले, धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेले. गावात पानठेल्यावर एक रेडिओ होता आणि त्याच्यावर लागणारं एक भावगीत त्यांना पाठ झालं होतं. जन्मभर ते एवढंच गायले. त्यातही मुखडा नाही, दुसरी ओळ. त्या गाण्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच फोनवर शोधाल आणि तुम्हाला ते भलत्याच कुणाच्या आवाजात ऐकू येईल. त्या ओळीत सात शब्द आहेत. पाचवा शब्द लांबलचक आहे आणि त्याच्या मधल्या अक्षरावर सूर वर जातो, वळतो आणि खाली येतो. शिकलेला गवईसुद्धा चौथ्या शब्दानंतर श्वास भरून घेईल. तुमचे आजोबा घ्यायचे नाहीत. सातही शब्द एका श्वासात.

मला बघायला आले होते तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना विचारलं, "काही छंद?" पाटबंधारे खात्यात नवा लागलेला तो मुलगा म्हणाला, "गातो थोडं." मग समोरच्या पोह्यांची बशी बाजूला सरकवून त्याने ही ओळ म्हटली. मी दाराआडून श्वास शोधत होते. सापडला नाही. माझ्या मैत्रिणींना वाटलं मी नोकरी बघून हो म्हटलं, आईला वाटलं रंग बघून. मी त्या ओळीवर हो म्हटलं, हे मी फक्त तुमच्या आजोबांना सांगितलं होतं, तेही लग्नाला दहा वर्षं झाल्यावर.

आता तो उन्हाळा. इरा, तू तीन वर्षांची होतीस, निहार अजून यायचा होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते, त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. ते सकाळी बागेतल्या योगवर्गाला जायचे. कपालभाती, अनुलोम-विलोम, शेवटी भ्रामरी. भ्रामरी म्हणजे कान बंद करून ओठ मिटून गुणगुणायचं. पंचवीस-तीस म्हातारी माणसं एकदम गुणगुणायला लागली की बागेबाहेरची कुत्री उठून बसायची. सगळ्यात शेवटी प्रार्थना, आणि ती सांगायच्या रजनीबाई.

रजनीबाई मागच्या गल्लीत राहायच्या. विधवा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, जाडशा, हसऱ्या. त्यांना गाण्याची हौस होती आणि दमा होता. एका कोजागिरीला कॉलनीच्या गच्चीवर त्यांनी नेमकं तेच भावगीत म्हटलं होतं. दुसरी ओळ आली आणि पाचव्या शब्दाच्या मधोमध त्यांचा दम तुटला. अर्धा शब्द, श्वास, उरलेला अर्धा शब्द. माझी बोटं आपोआप पेन्सिल शोधायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी जरा जास्तच वाजवल्या, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही कूलर लावला. त्या वर्षी आजोबांनी ताट्या बदलल्या नाहीत. निर्मला म्हणाली, "काका, या गेल्या सालच्या आहेत, काळ्या पडल्या." ते म्हणाले, "अजून एक सीझन आरामात जाते." वर्गावरून आले की ते कूलरच्या पुढ्यात वेताची खुर्ची टाकायचे, शिकलेला प्राणायाम पुन्हा करायचे, मग पेपर उघडायचे आणि त्या काळी दोनच्या घरघरीवर आपली ओळ गुणगुणायचे. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी मला ऐकू आलं. पाचवा शब्द, त्याच्या मधोमध श्वास.

विळी तशीच राहिली. मी वाट पाहिली. दहा मिनिटांनी पुन्हा तीच ओळ आणि तिथेच, त्याच अक्षरावर, तोच तुटका दम.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय. पण बघा. छत्तीस वर्षं एक माणूस एक ओळ एका विशिष्ट तऱ्हेने म्हणतो. त्या ओळीवर मी आयुष्य दिलेलं. एके दिवशी तो ती वेगळ्या तऱ्हेने म्हणायला लागतो, आणि ती तऱ्हा मी ओळखते. ती कुणाच्या गळ्यातली आहे ते मला ठाऊक आहे. माणूस कुणाबरोबर उठबस करतो ते त्याच्या बोलण्यात उतरतं, हे मी ग्रंथालयात तीस वर्षं पाहिलं होतं. मुलगी एका मुलाबरोबर चार दिवस बसली की त्याच्यासारखी मान हलवायला लागायची. मग गाण्यात का उतरणार नाही? ते दोघं एकत्र गात असणार. बागेत, वर्गानंतर, मी तिकडे फिरकत नव्हते तेव्हा.

मी काही बोलले नाही. मी वही काढली. ग्रंथालयातली उरलेली एक लांबट वही होती, तिच्यात रकाने पाडले. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात ओळ, आणि मास्तर मारायचे तशी उभी रेघ, दम जिथे तुटला तिथे. तिसऱ्यात रजनीबाई त्या दिवशी वर्गाला आल्या होत्या का. आल्या असतील तर 'र'. हे मी आजोबांकडूनच सहज काढून घ्यायचे. "आज प्रार्थना कुणी सांगितली?" ते म्हणायचे, "रजनीबाईनं. काहून?" मी म्हणायचे, सहज.

एकदा संशय बसला की पुरावा शोधावा लागत नाही, तो घरी चालत येतो. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मला एक स्टीलची चपटी डबी सापडली. आत ज्येष्ठमधाच्या काड्या. आमच्या घरात ज्येष्ठमध नव्हता. मी विचारलं, हे कुठून? "रजनीबाईनं देल्लं. घशाले चांगलं असते म्हणे." मी वहीत लिहिलं. एक दिवस मी स्वतः बागेत गेले, म्हटलं मीही येते योगाला. रजनीबाईंनी मला शेजारी सतरंजी अंथरून दिली आणि म्हणाल्या, "बरं झालं आल्या वहिनी. भाऊंचा आवाज काय गोड आहे हो." इतकं निर्मळ हसून म्हणाल्या की मला खात्रीच पटली.

डोळे मिटून श्वास बघायला सांगितलं तेव्हा मी एक डोळा अर्धा उघडा ठेवून या दोघांचे श्वास बघत होते. दोघंही आखूड श्वास घेत होते. जवळजवळ एका लयीत. मी तेही लिहिलं.

मेच्या सुरुवातीला आजोबांच्या पुतण्याचं लग्न होतं, म्हणून आम्ही सहा दिवस कुहीकडे गेलो. तिथे कूलर नव्हता. दिवसभर पडवीत माणसांची गर्दी, दुपारी सगळे कडुलिंबाखाली खाटा टाकून पडायचे. पहिले दोन दिवस दम तुटला. तिसऱ्या दिवशी रेघ सहाव्या शब्दावर गेली. पाचव्या दिवशी खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी ती ओळ म्हटली आणि मी मोजत राहिले, सातही शब्द एका श्वासात. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी अजून तस्सेच गातेत." मी तोंड धुवायच्या निमित्ताने विहिरीकडे गेले. मला आनंद व्हायला हवा होता. मी हिशेब लावला की सहा दिवस ती नजरेआड गेली आणि माझा नवरा परत आला. नागपूरला आल्यावर तिसऱ्याच दिवशी रेघ पुन्हा पाचव्या शब्दात. माझं म्हणणं सिद्ध झालं, असं मी समजले.

त्यानंतर रजनीबाई पंधरा दिवस लेकीकडे पुण्याला गेल्या. आता खरं तर ओळ सुधारायला हवी होती. ती आणखी तुटली. चौथ्या शब्दानंतर एक श्वास, पाचव्याच्या मध्ये एक. एखाद्या शहाण्या बाईने इथे वही मिटली असती. मी तिसऱ्या रकान्यात 'र' नाही म्हणून रेघ मारली आणि पुढे कंसात लिहिलं, आठवण. विरहात माणसाचा दम तुटतो, असं मला वाटलं. एम.ए. इंग्रजी होते मी, असल्या गोष्टी मला सुचायच्या.

मे संपता संपता मी गच्चीवर सरगुंड्या, म्हणजे काडीवर वळलेल्या शेवया, वाळत घातल्या होत्या. आजोबांना हाक मारली की परात घेऊन या. ते आले नाहीत. खाली डोकावले तर जिन्याच्या सहाव्या-सातव्या पायरीवर बसले होते, परात मांडीवर, ओठ निळसर. "काहून बसले?" मी विचारलं, घाबरले की माझ्याही तोंडी त्यांचीच भाषा यायची. ते म्हणाले, "काही नाही वं. पायऱ्या वाढवल्या का कोणी?"

दुसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, पण घाई नव्हती. एक्स-रे काचेवर लावून बराच वेळ बघत राहिले. विचारलं, "श्वास कधीपासून लागतो?"

"झाले आठ दिवस," आजोबा म्हणाले.

"आठ दिवसांत फोटो असा होत नाही, काका. नीट आठवा."

"आठच. त्याच्या आधी मी रोज योग करत होतो. गात बी होतो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही जाणवलं होतं का? कधी जास्त, कधी कमी? नेमकं कळलं तर मला कुठे शोधायचं ते कळेल. नाहीतर सगळ्या तपासण्या एकेक करत बसावं लागेल, आणि तेवढा वेळ आहे असं मला वाटत नाही."

वही माझ्या पर्समध्ये होती. घरात ठेवायची भीती म्हणून मी ती नेहमी बरोबर ठेवायचे. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा ऐकू आलं, म्हणजे आतून ऐकू आलं, की गेले दोन महिने मी काय लिहीत होते. रजनीबाईंचा दम पाचव्या शब्दात का तुटायचा? त्यांना दमा होता म्हणून. हे मला ठाऊक होतं. सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

वही काढली तर त्यांना कळणार होतं की त्यांच्या बायकोने त्यांच्यावर पाळत ठेवली, आणि कुणावरून. न काढली तर मी म्हणू शकत होते, हो डॉक्टर, आठच दिवस असतील. विचार केलाच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. थोडा केला. मग वही टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी पहिलं पान बघितलं, उलटलं, पुन्हा पहिल्यावर आले. "या रेघा काय आहेत?"

"गाताना जिथे दम तुटला तिथे."

"रोज?"

"रोज."

आजोबा वहीकडे वाकून बघायला लागले. डॉक्टरांनी बोट तिसऱ्या रकान्यावर ठेवलं. "आणि हे 'र'?"

मी म्हटलं, "त्या दिवशी वर्गाला रजनीबाई आल्या होत्या."

डॉक्टर विवाहित असावेत, त्यांनी मान वर केली नाही. पेनाच्या टोकाने एकेक ओळ बघत राहिले. मग म्हणाले, "याचा आणि दमाचा काही संबंध दिसत नाही. 'र' नसतानाही वाढलाच आहे." जे मला दोन महिन्यांत दिसलं नाही ते त्यांना दोन मिनिटांत दिसलं. मग ते एका जागी थांबले. "हे सहा दिवस कुठे होता? इथे सुधारत गेलाय."

"कुहीला. लग्नाला."

"आणि परत आल्यावर तीन दिवसांत पुन्हा. घरी असं काय आहे जे कुहीला नव्हतं?"

लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडाशी रजनीबाईंचंच नाव आलं होतं. आजोबाच म्हणाले, "कूलर."

जुन्या ताट्यांमध्ये बुरशी धरली होती. तिचे बारीक कण वाऱ्याबरोबर थेट त्यांच्या छातीत जात होते, आणि ते रोज तिच्या पुढ्यात खुर्ची टाकून मोठमोठे श्वास घेऊन प्राणायामाचा सराव करत होते. डॉक्टर म्हणाले की आणखी महिना-दोन महिने गेले असते तर फुफ्फुस कडक झालं असतं आणि परत मऊ झालं नसतं. त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. म्हणाले, इतकी व्यवस्थित माहिती त्यांना कुणीच आणून देत नाही.

ऑटोत मी रस्त्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "रजनीबाई?"

मी पर्सची चेन ओढून घट्ट लावली.

"तिचे तर समोरचे दोन दात बी नाही वं." थोड्या वेळाने पुन्हा, "शिकलेली बायको करून राहिला म्हणून गावात लोक मले हासत. म्हणत, शिकून का करन ते? आता सांगतो त्याईले." ऑटोवाला आरशातून बघायला लागला. मग ते हळूच म्हणाले, "त्या ज्येष्ठमधाचं बी लेहलं?"

"लिहिलं."

"मी खोकतो म्हणून देल्लं होतं तिनं. तुले ऐकू नाही आलं का खोकलणं?"

खोकला मला ऐकू आला नव्हता. मी फक्त गाणं ऐकत होते.

ताट्या निर्मलाने अंगणात जाळल्या. गोळ्या सुरू झाल्या, पोळ्यापर्यंत जिना चढायला लागले, दिवाळीत आकाशकंदील त्यांनीच टांगला. रजनीबाईंना मी माझ्या हाताने केलेल्या करंज्यांचा डबा नेऊन दिला, त्या म्हणाल्या, "अहो एवढ्या?" बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की आमचं सगळं पूर्ववत झालं. पण घरात गाणं नव्हतं. आधी मला वाटलं दम पुरत नसेल. मग लक्षात आलं की मी खोलीत आले की ते घसा खाकरून पेपर उचलतात. एकदा पहिला शब्द ओठावर आला होता, त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि तो परत गिळला. रागावले नव्हते. रागावून ते गप्प बसत नसत, बोलत असत. त्यांना फक्त कळलं होतं की कुणीतरी कान लावून बसलंय आणि रेघा मारतंय. असं कळल्यावर कुणाला गाता येईल?

इरा, म्हणून मी तुझं ॲप काढलं. ते चांगलंही असेल. माझ्या वहीने तर एका माणसाचा जीव वाचवला, हे मी नाकारत नाही. तशीच वेळ आली तर पुन्हा लिहीन. पण ज्या घरात श्वासाची नोंद होते तिथे पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे, आणि नोंद करणारी मीच होते. श्वास बघते मी अजूनही, सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. लांबाला लांब, आखुडाला आखूड. अजून नीट जमत नाही. नाकाच्या टोकाशी काही वेगळं वाटलं की मन लगेच रकाने पाडायला घेतं.

त्या हिवाळ्यात एका गुरुवारी मी डाळ आणि मसाले घ्यायला इतवारीच्या बाजारात गेले होते. हातगाड्या, टेम्पो, धक्के, सगळं उरकून ऑटोने कोपऱ्यावर उतरले आणि पिशव्या घेऊन गल्लीत आले. फाटकाजवळ पोचले आणि थांबले. आतून आवाज येत होता. घरी कुणी नाही असं समजून ते गात होते, मोकळ्या आवाजात, मी छत्तीस वर्षं ऐकला होता तसा. चार शब्द झाले. पाचवा वर गेला, वळला, खाली आला, आणि पुढचे दोनही झाले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पिशवीचे बंद बोटांत रुतत होते. ओळ तीनदा झाली. मग मी फाटकाची कडी मुद्दाम खडखडावली, चपला जोरात आपटल्या, आणि आत गेले तेव्हा ते पेपर वाचत होते.

त्यानंतर मी दर गुरुवारी इतवारीला जायला लागले. घ्यायचं असो वा नसो. येताना फाटकाशी उभं राहायचं, ओळ होईपर्यंत. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. शेजारच्यांना काय वाटायचं देव जाणे. आजोबा विचारायचे, "इतका वेळ कुठं लावते वं? इतवारी का दिल्लीले नेली?" मी म्हणायचे, गर्दी होती. पुढच्या वेळी, ऑटो मिळेना. मग एके दिवशी निर्मलाने मला भांडी घासता घासता सांगितलं, "काकू, काका मले विचारून राहिले होते. म्हणे, तुह्या काकूले दर गुरुवारी इतवारीतच काय काम राहते? आनते तर पावभर धने."

एकदा ते चप्पल घालून तयारच झाले. "चल, आज मी बी येतो संगं." मी फारच पटकन म्हटलं, नको, तुम्हाला धूळ सोसायची नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. दोन महिने ती माझ्याच चेहऱ्यावर होती. मी एक वाक्य बोलले असते तर संशय फिटला असता. त्याच वाक्याने गाणंही गेलं असतं.

मी पिशवी उचलली आणि निघाले. ते जाईपर्यंत पाच वर्षं, दर गुरुवारी, माझ्या नवऱ्याला वाटत राहिलं की आपली बायको इतवारीत कुणालातरी भेटायला जाते. मी वाटू दिलं.